आतला आवाज ऐकायला शिकताना: शांत बसणं, निसर्ग आणि स्वतःवरचा भरवसा

नोकरी बदलावी का, एखादं नातं पुढे न्यावं की थांबवावं, आईवडिलांजवळ राहायला जावं का, असे प्रश्न समोर आले की आपण दहा जणांना विचारतो आणि दहा सल्ले घेऊन घरी येतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात येतं की सगळ्यांचं ऐकून झालं, पण आपल्याला स्वतःला काय वाटतं ते काही केल्या कळत नाही. कळलं तरी त्यावर विसंबायचा धीर होत नाही. अशा अवस्थेत असलेल्या कुणासाठीही हा लेख आहे. ध्यानाचा अनुभव असायलाच हवा असं नाही. देवावर श्रद्धा असेल तर ती सोबत घ्या, नसेल तरी अडणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. शांत बसलं की आतून कुणीतरी स्पष्ट शब्दांत उत्तर देईल, अशी अपेक्षा घेऊन बरेच जण बसतात आणि आठवडाभरात हिरमुसून सोडून देतात. एखाद्या माणसावर आपला विश्वास कसा बसतो ते आठवा. तो काही सांगतो, ते खरं ठरतं. पुन्हा सांगतो, पुन्हा खरं ठरतं. कधी चुकला तर का चुकला हे आपल्याला समजतं. मग हळूहळू त्याचा शब्द आपण प्रमाण मानू लागतो. स्वतःवरचा भरवसाही असाच बसतो, थोडं ऐकून आणि ते ताडून बघून. शांतता आणि निसर्ग ऐकू येण्यापुरती मदत करतात. ताडून बघणं आपल्यालाच करावं लागतं, आणि या विषयावर बोलताना हाच भाग सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो असं मला वाटतं. म्हणून इथे त्याला जास्त जागा दिली आहे.

घरातच डोळे मिटून बसलं तर?

चालेल, पण नवख्या माणसाला ते जड जातं. २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. लोकांना एका रिकाम्या खोलीत १५ मिनिटं एकटं बसवलं. करायला काहीच नाही, फक्त एक बटण, जे दाबलं की विजेचा सौम्य पण नकोसा झटका बसतो. याच लोकांनी आधी सांगितलं होतं की हा झटका टाळायला आम्ही पैसेसुद्धा मोजू. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी त्या १५ मिनिटांत स्वतःला झटका देऊन घेतला. रिकाम्या खोलीत स्वतःच्या विचारांसोबत राहणं इतकं नकोसं होऊ शकतं.

बाहेर, झाडापाशी किंवा पाण्यापाशी, मनाला हलकंसं काम मिळतं. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने याची फार चांगली उकल केली आहे. हिशोब करताना, गाडी चालवताना, पडद्याकडे बघताना आपण लक्ष ओढून ताणून एका जागी ठेवतो आणि ते थकतं. हलणारी पानं, पाण्यावरच्या लहरी, सरकणारे ढग लक्ष धरून ठेवतात, पण त्यासाठी जोर लावावा लागत नाही. तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष विसावतं. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही लोकांना ९० मिनिटं झाडागवतातून चालायला लावलं आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडागवतातून चालून आलेल्यांचं तेच ते विचार उगाळणं कमी झालं होतं, आणि त्या उगाळण्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली होती. रस्त्याच्या कडेने चाललेल्यांमध्ये हा फरक दिसला नाही.

साधकांना हे प्रयोगशाळेविना ठाऊक होतं. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, रमण महर्षी अरुणाचलाच्या गुहेत वर्षानुवर्षं राहिले, इजिप्तमधले पहिले ख्रिस्ती संन्यासी वाळवंटात गेले. आपल्याला संसार सोडून कुठे जायचं नाही. पंधरा मिनिटं काढायची आहेत.

पहिली पायरी: एकच जागा ठरवा

रोज नवी, सुंदर जागा शोधत फिरू नका. नवी जागा बघण्यात मन गुंतून जातं. घरापासून पाच-दहा मिनिटांत पायी पोचता येईल अशी एक साधी जागा ठरवा आणि तिथेच जात राहा. बागेतला एक बाक, तळ्याचा काठ, रस्त्यालगतचं एखादं जुनं झाड, इमारतीची गच्ची. जागा ओळखीची झाली की तिच्यातले बारीक बदल दिसू लागतात. काल मिटलेली कळी आज उमललेली असते, एक फांदी वाळत चाललेली असते, ठरावीक वेळेला ठरावीक पक्षी येऊन बसतो. बारीक बदल टिपायची जी सवय इथे लागते, तीच पुढे स्वतःच्या आत डोकावताना उपयोगी पडते. आतले बदलही असेच बारीक असतात.

आजारपणामुळे, तान्ह्या बाळामुळे किंवा वयामुळे बाहेर पडता येत नसेल तर खिडकी पुरे. १९८४ मध्ये रॉजर उल्रिक यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. खिडकीतून दिसणारं एक झाड, नाहीतर आभाळाचा तुकडा आणि कुंडीतलं एक रोप, एवढ्यावर सुरुवात होते.

जागा निवडताना सुरक्षितता बघा, त्यात कमीपणा काही नाही. कुठे जातो आहोत ते घरात सांगून ठेवा. बसण्याआधी खालची जमीन आणि वरच्या फांद्या एकदा नजरेखालून घाला. विजा चमकत असतील तर झाडाखाली अजिबात थांबू नका. सतत मागे वळून बघावंसं वाटेल अशा जागी मन निवांत होणार नाही, ती जागा कितीही रम्य असली तरी.

दुसरी पायरी: वेळ

पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार-पाच वेळा. रविवारी एकदम दोन तास बसून बाकी दिवस विसरण्यापेक्षा हे बरं. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्यात निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं अधिक प्रमाणात सांगतात. तो वेळ एका दमात घालवला की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडत नव्हता. मुळात ठणठणीत असणारे लोकच जास्त बाहेर पडतात हेही त्यामागचं एक कारण असू शकतं, म्हणून या आकड्याला औषधाचा डोस समजू नका. आठवड्याचा अंदाज बांधायला तो चांगला आहे.

जमलं तर पहाट निवडा. पक्षी सगळ्यात जास्त तेव्हाच बोलतात, वारा बहुधा पडलेला असतो, आणि दिवसाची कामं अजून मानगुटीवर बसलेली नसतात. पहाट जमत नसेल तर दिवेलागणीची वेळ घ्या.

फोन घरी ठेवा. सुरक्षिततेसाठी जवळ हवाच असेल तर विमान मोडवर टाकून, पंधरा मिनिटांचा गजर लावून पिशवीच्या तळाशी ठेवा. नुसता आवाज बंद करून खिशात ठेवलेला फोन अर्धं लक्ष खातो.

तिसरी पायरी: बसणं

मांडी घातलीच पाहिजे असं काही नाही. बाक, खुर्ची, दगड, काहीही चालेल. पाठ सरळ, खांदे सैल, तळपाय जमिनीला टेकलेले. ज्या बैठकीत पाय बधिर होतात त्या बैठकीत सगळं लक्ष पायांकडे जातं.

सुरुवातीला आठ-दहा श्वास असे घ्या की सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागेल. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, ही शरीराची मूळचीच रचना आहे. लांब उच्छ्वासाने शरीराला कळतं की आता धावपळ नाही. त्यानंतर श्वासाचा नाद सोडून द्या, तो मोजत बसू नका.

डोळे उघडे ठेवा. नजर लांबवर जाऊ द्या, क्षितिजाकडे किंवा दूरच्या शेंड्याकडे. जवळचं बघताना डोळ्यातला एक स्नायू आकुंचन पावलेला असतो, लांब बघताना तो सैलावतो. दिवसभर हातभर अंतरावर बघणाऱ्या माणसाला कपाळावरचा ताण उतरल्याचं मिनिटभरात जाणवतं.

चौथी पायरी: बघणं आणि ऐकणं

सगळ्या अभ्यासाचा पाया इथे आहे, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे याशिवाय दुसरं काहीही करू नका. कुठलाही प्रश्न घेऊन जाऊ नका.

आधी ऐका. ऐकू येणारा सगळ्यात लांबचा आवाज शोधा. कुठेतरी दूर गाडी जात असेल, कुणी हाक मारत असेल. मग मधल्या अंतरावरचे आवाज. मग जवळचे, पानांची सळसळ, एखादी माशी. शेवटी स्वतःचा श्वास. आवाज चांगला की वाईट हे ठरवू नका, भोंगासुद्धा आवाजच आहे. लांबून जवळ आणि पुन्हा जवळून लांब, अशी दोनदा फेरी झाली की पाच मिनिटं सहज जातात.

मग एकच गोष्ट बघा. खोडावरून मुंग्यांची रांग जात असेल तर तिच्याकडे बघा. दोन मुंग्या समोरासमोर आल्या की क्षणभर थांबतात, मिशा एकमेकींना लावतात आणि आपापल्या वाटेने जातात. सालीतून ओघळलेल्या डिंकाच्या थेंबापाशी रांग वळसा घेते, आणि मागून येणारी प्रत्येक मुंगी तोच वळसा घेते, कारण ती वासाच्या वाटेने चालली आहे. एखादी आपल्यापेक्षा मोठा पंख ओढत असते, तिचं उलट्या पावलांनी चालणं बघा. तो पंख सालीच्या खाचेत अडकतो, ती सोडते, फिरून दुसऱ्या बाजूने धरते. बघता बघता आपला श्वास तिच्या खटपटीसोबत थांबतो आणि सुटतो. त्या मिनिटभरात 'माझं काय होणार' हा विचार डोक्यात नव्हता, हे नंतर लक्षात येतं. ते विसरणं मुद्दाम आणता येत नाही, पण बघत राहिलं की ते येतं.

आपण जाऊन बसलो की पक्षी आधी गप्प होतात किंवा इशाऱ्याचा आवाज काढून लांब जातात. हालचाल न करता बसून राहिलं तर थोड्या वेळाने त्यांचे व्यवहार पुन्हा सुरू होतात. ज्या दिवशी हे पहिल्यांदा कळेल, त्या दिवशी आपण खरोखर स्थिर बसलो होतो असं समजायला हरकत नाही. स्थिरतेचं याहून प्रामाणिक मोजमाप मला माहीत नाही.

पाचवी पायरी: मनातला गोंगाट

पाच-सात मिनिटांनी कामांची यादी सुरू होते. मग कुणाचं तरी बोलणं आठवतं, त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आठवतं, जुना अपमान वर येतो. 'मला हे जमणार नाही' असं वाटायची हीच वेळ. हा तुमचा दोष नाही. माणूस काही करत नसतो तेव्हाही मेंदूचे काही भाग जोमाने काम करत असतात, हे मेंदूचे अभ्यासक मार्कस रेचल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं. स्वतःविषयीचे विचार, आठवणी आणि उद्याची चिंता यांच्याशी हेच भाग जोडलेले आहेत. बाहेरचं काम थांबलं की आतला गिरमिट सुरू होणार हे गृहीतच धरा.

करायचं एवढंच. विचार आला की त्याला मनातल्या मनात एक नाव द्या: काळजी, आठवण, राग, हिशोब. आणि नजर पुन्हा पानाकडे न्या. पंधरा मिनिटांत पन्नास वेळा न्यावी लागली तरी चालेल, कारण परत आणणं हाच सराव आहे. नाम घ्यायची सवय असेल तर नामाचा आधार घ्या, पण डोळे बाहेर असू द्या.

कधी डोळे भरून येतात. येऊ द्या. मात्र छातीत धडधडायला लागलं, जुना भीतीदायक प्रसंग समोर उभा राहिला, किंवा आपण इथे नाहीच असं वाटू लागलं तर बसण्याचा हट्ट धरू नका. तळपाय जमिनीवर दाबा, झाडाच्या सालीला हात लावा, उठून चाला. नैराश्य, तीव्र चिंता किंवा मोठा आघात यातून जात असाल तर हा सराव डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकाच्या सल्ल्यानेच करा. शांतता प्रत्येकाला प्रत्येक वेळी मानवते असं नाही. अशा वेळी बसण्यापेक्षा चालणं बरं. जपानच्या वनखात्याने १९८२ पासून 'शिनरिन-योकू' म्हणजे वनस्नान या नावाने हेच रुजवलं: जंगलात सावकाश चालायचं, वास घ्यायचा, ऐकायचं, कुठे पोचायची घाई करायची नाही.

सहावी पायरी: प्रश्न घेऊन जाणं

दोन-तीन आठवड्यांनी, जागेची ओळख झाली की एक प्रश्न सोबत न्या. तो आधी कागदावर लिहा, कारण मनातल्या मनात प्रश्न सारखे आकार बदलतात. 'माझं नशीब असं का?' याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. 'तो बदलेल का?' हा दुसऱ्याच्या मनातला प्रश्न आहे, त्याचं उत्तर तुमच्या आत सापडणार नाही. 'या नोकरीत मी कशाला घाबरून थांबले आहे?' किंवा 'या आठवड्यात माझ्याकडून प्रामाणिकपणे कोणतं पाऊल उचललं जाईल?' असे प्रश्न कामाचे. प्रश्न स्वतःच्या वागण्याबद्दलचा आणि आवाक्यातला असावा.

बसल्यावर थोडा वेळ नेहमीसारखं ऐका, बघा. मग प्रश्न मनात एकदाच म्हणा आणि सोडून द्या. पुन्हा मुंग्यांकडे, पानांकडे वळा. प्रश्न चघळत बसलात तर घरी जे चाललं होतं तेच झाडाखाली चालू राहील.

उत्तर शब्दांतच येईल असं नाही. बहुतेक वेळा आधी शरीर बोलतं. एका पर्यायाचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, दुसऱ्याचं काढलं की जीव भांड्यात पडतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पत्त्यांच्या प्रयोगात काही गड्ड्या फायद्याच्या होत्या, काही नुकसानीच्या. नुकसानीच्या गड्डीकडे हात नेताना खेळाडूंच्या त्वचेवर घामाची सूक्ष्म प्रतिक्रिया उमटत होती, आणि तीही कोणती गड्डी वाईट हे त्यांना सांगता येण्याआधी. या प्रयोगाच्या अर्थावर पुढे बरीच चर्चा झाली आहे. पण आपल्या समजुतीच्या आधी शरीराला काही कळलेलं असतं, हा अनुभव तुम्हालाही असेल. कधी एखादी जुनी आठवण येते, वरवर संबंध नसलेली. कधी नुसतंच 'नको' येतं. कधी काहीच येत नाही, आणि दोन दिवसांनी कपडे वाळत घालताना एकदम उलगडतं. जे येईल ते घरी आल्यावर दोन ओळींत लिहून ठेवा.

सातवी पायरी: ही भीती आहे, इच्छा आहे, की खरंच आतलं मार्गदर्शन?

सगळ्यात अवघड प्रश्न हा आहे, आणि इथे घाई केली तर फसगत होते.

पुढे ख्रिस्ती संत झालेले स्पेनचे इग्नेशियस लोयोला १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पायाला गोळा लागून जायबंदी झाले. अंथरुणाला खिळलेले असताना ते दिवास्वप्नं बघत. त्यांच्या ध्यानात आलं की पराक्रमाची, दरबारी मानमरातबाची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण संपल्यावर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगण्याची कल्पना केली की तो आनंद नंतरही टिकतो. विचार चालू असताना काय वाटतं यापेक्षा तो ओसरल्यावर मागे काय उरतं ते बघायचं, ही त्यांची पारख. पुढे त्यांनी आणखी एक नियम दिला: मन खचलेलं असताना, आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. धर्म कोणताही असो, हे दोन्ही नियम खिशात ठेवण्यासारखे आहेत.

मला दिसलेल्या काही खुणाही सांगते. भीतीला घाई असते. ती एकच गोष्ट वाढत्या आवाजात सांगते, आणि तिच्या बोलण्यात 'लोक काय म्हणतील' वारंवार येतं. इच्छा वकिली करते. ती कारणांची लांबलचक यादी देते आणि तिचं उत्तर दर वेळी आपल्या सोयीचं निघतं. आतलं मार्गदर्शन मोजकं बोलतं. ते वाद घालत नाही, सगळा रस्ता दाखवत नाही, फक्त पुढचं पाऊल सुचवतं. ते पाऊल कित्येकदा गैरसोयीचं असतं: माफी माग, खरं सांग, थांब. आणि तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मनःस्थितीत बसलात तरी ते तेच राहतं. मोठ्या निर्णयासाठी निदान एवढी तरी वाट बघाच.

निसर्गातल्या संकेतांबद्दल विचारलं जातं. समोर पीस पडलं, उजवीकडून पक्षी गेला, याचा अर्थ काय? माझं मत स्पष्ट आहे: त्यावरून निर्णय घेऊ नका. पण ते पीस पडल्यावर तुमच्या मनात पहिलं काय आलं ते मात्र बघा. 'हा होकार असू दे' असं वाटलं असेल, तर तुम्हाला काय हवंय ते तुम्हाला कळलं.

आतला आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, हुकूम सोडत असेल, किंवा कानांनी खरोखर ऐकू येत असेल, तर ताडून बघत बसू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि लगेच डॉक्टरांना भेटा.

आठवी पायरी: ताडून बघणं

एक वही करा. तारीख, प्रश्न, काय आलं, शरीरात काय जाणवलं, मी काय केलं. आणि पुढे एक रिकामी जागा, महिन्याने भरण्यासाठी. नोंद अशी दिसेल:

"प्रश्न: समितीचं काम घ्यावं का? आलं: 'नको', लगेच. खांदे ताठले. पण 'नाही म्हटलं तर वाईट दिसेल' हेही आलं, बराच वेळ. काय केलं: हो म्हटलं. महिन्यानंतर: दोन बैठका बुडवल्या, चिडचिड झाली. पहिला 'नको' खरा होता."

किंवा याच्या उलट: "'नको' आलं होतं ते नव्या लोकांच्या भीतीने. काम आवडतंय." दोन्ही नोंदी सारख्याच मोलाच्या. अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की आपला खरा 'नको' कुठे जाणवतो आणि भीतीचा 'नको' कुठे, हे दिसायला लागतं. कुणाला ते गळ्यात कळतं, कुणाला पोटात. याचं तयार कोष्टक कुणी देऊ शकत नाही.

छोट्या गोष्टींपासून सुरुवात करा: आजचं आमंत्रण घ्यायचं का, हा फोन आत्ता करायचा का, आज विश्रांती हवी आहे का. यात चुकलं तरी फारसं बिघडत नाही आणि निकाल लवकर लागतो. डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन हे अंतःप्रेरणेबद्दल परस्परविरुद्ध मतं असलेले दोन मानसशास्त्रज्ञ. २००९ मध्ये दोघांनी मिळून एक लेख लिहिला आणि त्यांचं एका बाबतीत एकमत झालं: आतून येणाऱ्या निर्णयावर भरवसा ठेवायला दोन गोष्टी लागतात. त्या क्षेत्रात काही नियमितपणा हवा, आणि आपले अंदाज बरोबर आले की चुकले हे कळून शिकण्याची पुरेशी संधी आपल्याला मिळालेली हवी. म्हणून स्वतःचा थकवा, रोजचं काम, वर्षानुवर्षांची नाती यांत मनाचा कौल ऐका. शेअर बाजार, शरीरातली गाठ, कायद्याचा कागद, काल भेटलेल्या माणसाची नियत यांसाठी झाडाखाली बसून उत्तर मागू नका. तिथे जाणकाराला विचारा. 'जाणकाराकडे जा' हेही मार्गदर्शनच आहे.

आणखी एक गोष्ट हलक्याने घेऊ नका. जे ऐकलं ते करा. 'बहिणीला फोन कर' असं तीनदा आलं आणि तुम्ही महिनाभर केला नाहीत, तर पुढच्या वेळी ऐकण्यात जोर राहत नाही. मन खात राहतं ते वेगळंच. जे करणार नाही असं ठरवलं तेही कारणासकट वहीत लिहा.

मोठ्या निर्णयात एकट्याच्या शांततेवर सगळा भार टाकू नये. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला क्वेकर पंथ एकत्र मौन बसणाऱ्यांचा. त्यांच्यात एक सुंदर रीत आहे. कुणापुढे पेच असेल तर विश्वासातली थोडी माणसं त्याच्यासोबत शांत बसतात आणि सल्ला अजिबात देत नाहीत, फक्त प्रश्न विचारतात. एखाद्या मैत्रिणीला किंवा मित्राला हाच नियम घालून सोबत बोलवा. 'तू असं कर' म्हणायचं नाही, 'तुला असं का वाटतं?' एवढंच विचारायचं. तासाभरात जे स्वच्छ होतं ते एकट्याने महिनाभर बसूनही कधी कधी होत नाही.

काहीच येत नाही तेव्हा

आठवडेच्या आठवडे कोरडे जातात. मन सुन्न असतं, झाड नुसतं झाड दिसतं. तेव्हा प्रश्न बाजूला ठेवा आणि चौथ्या पायरीवर परत या. आधी झोप पुरेशी होते आहे का ते बघा, कारण दमलेल्या माणसाला आतलं काही ऐकू येत नाही. दोन महिने होईपर्यंत हे जमतंय की नाही याचा निवाडा करू नका. जॉन काबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला सजगतेचा प्रसिद्ध अभ्यासक्रमही आठ आठवड्यांचा आहे, आणि त्यात रोज घरी सराव करायचा असतो.

पुढे जायचं असेल तर

पंधरा मिनिटं अंगवळणी पडली की महिन्यातून एक अर्धा दिवस काढा. सकाळपासून दुपारपर्यंत बोलणं नाही, वाचणं नाही, फोन नाही. थोडं चालणं, थोडं बसणं. गांधीजी दर सोमवारी मौन पाळत आणि अगदी गरज पडली तर चिठ्ठीवर लिहीत. तेवढी शिस्त कामाधामाच्या माणसालाही महिन्यातून एकदा झेपते. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर तुमच्या मौनाला ते अबोला समजतील.

दहा दिवसांच्या विपश्यनेसारख्या शिबिराला थेट जाण्याआधी असे चार-पाच अर्धे दिवस करून बघा. तिथे दिवसाला दहा तासांच्या आसपास ध्यान असतं, पूर्ण मौन असतं, वही-पेनही सोबत ठेवता येत नाही. मानसिक आजाराचा पूर्वेतिहास असेल तर नाव नोंदवताना तो लपवू नका, आणि चालू असलेली औषधं डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. शिबिराहून आल्यावर पहिला आठवडा कोणताही मोठा निर्णय न घेता जाऊ द्या. त्या दहा दिवसांत जे स्पष्ट वाटलं ते वहीत उतरवून ठेवा आणि महिन्याने तुमच्या नेहमीच्या बाकावर बसून पुन्हा वाचा.